बायझंटाईन शिशाच्या मुद्रांवरील योद्धे संत : घोडा इतका दुर्मीळ का?

लिपिकार (धागाकर्ता)

नाण्यांच्या धाग्यावर दगडफूल यांनी गेल्या आठवड्यात शिशाच्या एका मुद्रेचे छायाचित्र दिले होते. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी, करड्या रंगाची चकती. तिच्यावर घोडा आणि हातात भाला घेतलेला स्वार. त्यांच्या मावसभावाने परदेशातील एका विक्रेत्याकडून ती घेतली आणि सोबतच्या चिठ्ठीवर ‘अश्वारूढ संत जॉर्ज, बायझंटाईन, अकरावे शतक’ असे लिहिलेले आहे. ही ओळख बरोबर आहे का, असा त्यांचा प्रश्न होता. तिथे उत्तर देत बसलो असतो तर विषयांतर झाले असते, आणि प्रश्न वाटतो त्यापेक्षा खोल असल्यामुळे हा स्वतंत्र धागा काढत आहे.

आधी ही वस्तू वापरात कशी होती ते पाहू, कारण चित्राचा अर्थ त्या वापरात दडलेला आहे. बायझंटाईन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल राजधानी असलेल्या पूर्व रोमन, राज्यात पत्र, आज्ञापत्र किंवा दाखला लिहून झाला की त्याला दोरी बांधत आणि ती दोरी शिशाच्या चकतीतून ओवून घेत. चकत्या आधीच साच्यात ओतून तयार ठेवलेल्या असत आणि प्रत्येकीच्या पोटातून आरपार एक बारीक पन्हळ सोडलेली असे. दोरी तिच्यातून गेली की चकती वुल्लोतिरिओन नावाच्या लोखंडी सांडशीच्या जबड्यांत धरत. दोन्ही जबड्यांच्या आतल्या अंगाला चित्र आणि अक्षरे उलटी कोरलेली असत. वरून हातोड्याचा घाव बसला की चकतीच्या दोन्ही बाजू एकदम उमटत, पन्हळ चेपली जाई आणि दोरी आत पक्की अडके. दोरी कापल्याशिवाय किंवा शिसे फोडल्याशिवाय पत्र उघडता येत नसे. आपल्याकडील जुन्या कागदावर शिक्का आणि मोर्तब जे काम करत, ते काम करून शिवाय कुलपाचेही काम ही चकती करी.

कागद आणि चर्मपत्रे बहुतेक नष्ट झाली, शिसे मात्र टिकले. वॉशिंग्टनच्या डंबार्टन ओक्स या संस्थेच्या एकट्या संग्रहात अशा सुमारे १७,००० मुद्रा आहेत. ज्या अधिकाऱ्यांचा कोणत्याही इतिहासग्रंथात उल्लेख नाही, त्यांची नावे, पदव्या आणि नेमणुकीची ठिकाणे आज केवळ या चकत्यांवरून कळतात. बढती मिळाली की नवी पदवी कोरलेली नवी सांडशी करून घ्यावी लागे, त्यामुळे काही माणसांच्या कारकिर्दीची एकेक पायरी शिशात उतरलेली दिसते.

साधारण मांडणी अशी, की एका बाजूला पवित्र आकृती आणि दुसऱ्या बाजूला ओळींमध्ये मुद्रेच्या धन्याचे नाव, पदवी व हुद्दा. बरोबर ‘प्रभो, तुझ्या सेवकाला साहाय्य कर’ अशी किंवा हीच देवमातेला उद्देशून केलेली विनवणी. मूर्तिभंजनाच्या, म्हणजे पवित्र प्रतिमांवरील बंदीच्या, काळात आकृत्या मागे पडल्या आणि क्रुसाच्या चार हातांवर अक्षरे गुंफून हीच विनवणी लिहिली जाई. ८४३ मध्ये प्रतिमापूजा कायमची पुनःस्थापित झाल्यावर आकृत्या परतल्या, आणि दहाव्या-अकराव्या शतकांत संतांची संख्या भराभर वाढली. देवमाता मरिया सर्वांत पुढे राहिली. तिच्या मागोमाग संत निकोलस, देवदूत मिखाएल, आणि मग आपल्या विषयाचे योद्धे संत : जॉर्ज, दोन थिओडोर आणि दिमित्रिओस.

आता मुख्य मुद्दा. हे योद्धे संत मुद्रांवर फार मोठ्या संख्येने आहेत, पण ते जवळजवळ सगळे उभे आहेत किंवा छातीपर्यंतच दाखवलेले आहेत. एका हातात भाला, दुसऱ्या हातात ढाल, अंगात चिलखत, डोक्यामागे प्रभावळ, तोंड सरळ आपल्याकडे. घोड्यावरचा संत हा विरळा अपवाद आहे. म्हणून कोणी ‘अश्वारूढ जॉर्ज, अकरावे शतक’ असे एका दमात लिहिले, तर मला प्रथम थांबावेसे वाटते.

दगडफूल

धाग्यासाठी मनापासून आभार. माझा पहिलाच समज चुकीचा निघाला, कारण मी आजवर संत जॉर्ज पाहिले ते घोड्यावरच. पांढरा घोडा, खाली सर्प, हातात भाला, आणि बाजूला राजकन्या. हे चित्र इतके ओळखीचे आहे, की मुद्रेवर घोडा दिसताच विक्रेत्याच्या चिठ्ठीवर शंका घ्यावी असे मनातही आले नाही.

चकती आता माझ्याकडेच आहे. व्यास २३ मिलिमीटर भरला. मागच्या बाजूला चार ओळी असाव्यात, पण वरच्या दोन पूर्ण झिजल्या आहेत. घोडा डावीकडून उजवीकडे चालला आहे, एक पुढचा पाय उचललेला आहे. स्वाराच्या खांद्यामागे काहीतरी फडकते आहे, बहुधा झगा. चेहऱ्याच्या जागी नुसता गुळगुळीत उंचवटा आहे. कडेने टिंबांची माळ आहे, पण ती खालच्या बाजूला चकतीबाहेर गेली आहे. घोड्याच्या पायांखाली काय होते, तेच नेमके कापले गेले आहे.

लिपिकार

आपण फार नेटके वर्णन केले आहे, त्यामुळे पुढचे बोलणे सोपे झाले. चेहरा गुळगुळीत का, हे आधी सांगतो. मुद्रेवर सर्वांत उंच भाग चेहऱ्याचा असतो, म्हणून झीज तिथून सुरू होते. दोरीची पन्हळही बहुधा चित्राच्या मधोमध जाते. घाव बसताना तिथले शिसे आत दबते, आणि पुढे दोरी कुजली, चकती वाकली, की चिरही तिथेच पडते. उभ्या संताच्या नाकावरून हनुवटीपर्यंत गेलेली अशी चीर मी कितीतरी छायाचित्रांत पाहिली आहे. माळ एका बाजूला बाहेर गेली, याचा अर्थ चकती जबड्यांत नीट मध्यावर बसली नव्हती. कचेरीत घाईघाईने मारलेला घाव हजार वर्षांनी असा दिसतो, याचे मला दर वेळी अप्रूप वाटते.

आता ओळख पटवण्याची रीत. चित्रकाराकडे रंग असतो, मुद्रा कोरणाऱ्याकडे नसतो. नंतरच्या चित्रांत जॉर्जचा घोडा पांढरा आणि दिमित्रिओसचा तांबडा हा संकेत रुळला, पण शिशावर त्याचा काही उपयोग नाही. उरते ते डोके. जॉर्ज तरुण, दाढी नसलेला, दाट कुरळ्या केसांचा. दिमित्रिओसही बिनदाढीचाच, पण त्याचे केस आखूड आणि सरळ. थिओडोर दोघेही दाढीवाले. त्यांपैकी तिरोन, म्हणजे नव्याने भरती झालेला शिपाई, याची दाढी एकसंध, तर स्त्रातिलातिस, म्हणजे सेनापती, याची दाढी टोकाशी दुभंगलेली. कुरळे केस दाखवायला कोरणारा टिंबांच्या ओळी घालतो. आपल्या चकतीवर चेहराच गेला असल्यामुळे हा रस्ता जवळजवळ बंद आहे.

दुसरा आणि खरा भरवशाचा रस्ता म्हणजे नाव. आकृतीच्या दोन्ही अंगांना नाव उभे, एकाखाली एक अक्षर असे कोरतात. डावीकडे ‘आगिओस’, म्हणजे संत, या शब्दाची खूण आणि उजवीकडे नावाची अक्षरे. आपण दिवा चकतीच्या पातळीत, अगदी आडवा धरून चारही बाजूंनी छायाचित्रे घेतलीत, तर या दोन पट्ट्यांत काही उरले आहे का ते दिसेल.

आषाढमेघ

मी या विषयाकडे लष्करी इतिहासाच्या बाजूने आलो, म्हणून एक शंका मांडतो. घोडेस्वार संत ही कल्पना बायझंटाईन लोकांना अनोळखी मुळीच नव्हती. ९७१ मध्ये सम्राट योआनिस त्झिमिस्किस डॅन्यूब नदीकाठच्या दोरोस्तोलोन येथे किव्हचा राजपुत्र स्व्यातोस्लाव्ह याच्याशी लढत होता. समकालीन इतिहासकार लिओ द डीकन लिहितो, की ऐन लढाईत वादळ उठले, धूळ शत्रूच्या डोळ्यांत गेली, आणि पांढऱ्या घोड्यावरचा एक स्वार रोमन सैन्यापुढे शत्रूची फळी फोडत जाताना दिसला. त्याला आधी कोणी पाहिले नव्हते आणि लढाईनंतर शोधूनही तो सापडला नाही. तो थिओडोर स्त्रातिलातिस होता, अशी सर्वांची खात्री पटली. राजधानीत एका स्त्रीला आदल्या रात्री पडलेल्या स्वप्नात देवमातेने थिओडोरलाच मदतीला धाडले होते, असेही तो सांगतो.

पुढे १०९८ मध्ये अँटिओकबाहेरच्या लढाईत पहिल्या क्रुसेडच्या सैनिकांनी डोंगरातून उतरणारे पांढऱ्या घोड्यांचे दळ पाहिले आणि जॉर्ज, मर्कुरिओस व दिमित्रिओस त्याचे पुढारी होते, असा वृत्तांत लॅटिन बखरकाराने नोंदवला आहे. लोकांच्या मनात संत घोडा फेकत येत होता, तर त्याच काळातल्या सेनापतींच्या मुद्रांवर तो पायी का?

लिपिकार

हा प्रश्न मला वर्षानुवर्षे सतावतो आहे. माझे उत्तर असे, की दोरोस्तोलोनची हकीकत ही घटना आहे आणि मुद्रेवरची आकृती ही प्रतिमा आहे, आणि बायझंटाईन माणूस या दोहोंत काटेकोर भेद करी. घटनेत संत काहीतरी करतो. त्याचे लक्ष सर्पाकडे किंवा शत्रूकडे असते. प्रतिमेत तो काही करत नाही, तो आपल्याकडे पाहतो. ‘तुझ्या सेवकाला साहाय्य कर’ ही विनवणी करायची, तर समोर तोंड हवे. दुसरीकडे पाहणाऱ्याला हाक मारता येते, पण त्याच्याशी नजरभेट होत नाही. मुद्रेचा धनी सांडशीचा प्रत्येक घाव घालताना एका अर्थाने ही प्रार्थना पुन्हा म्हणत असे, आणि पत्र मिळणाऱ्याच्या हातातही ती जात असे. त्या प्रार्थनेला सरळ उभा, सज्ज, समोर पाहणारा संरक्षक शोभतो.

याला आधार त्या काळच्या उंची कलावस्तूंतही मिळतो. लूव्र संग्रहालयातील हार्बाव्हिय त्रिपट हे दहाव्या शतकातले हस्तिदंती कोरीव काम आहे. त्याच्या बाजूच्या फळ्यांवर दोन्ही थिओडोर, जॉर्ज आणि एव्हस्ताथिओस आहेत, आणि चौघेही उभे. व्हेनिसमध्ये जतन केलेल्या स्तोत्रसंहितेत सम्राट दुसरा बॅसिल, म्हणजे ९७६ ते १०२५ पर्यंत राज्य करणारा तो कडवा योद्धा, मध्यभागी उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना योद्ध्या संतांच्या छोट्या अर्धप्रतिमा आहेत. घोडा तिथेही नाही. घोडा दिसतो तो भिंतींवर. कॅपाडोशियातील (आजचे तुर्कस्तान) गोरेमेच्या खडकात कोरलेल्या यिलानली चर्चमध्ये थिओडोर आणि जॉर्ज समोरासमोर घोड्यांवरून सर्पाला भोसकत आहेत. भिंतीवर कथा सांगायला जागा आहे आणि पाहणारा तिच्यासमोरून चालत जाणार आहे.

तिथेही एक बारकावा बघण्यासारखा आहे. घोडा बाजूने काढलेला असतो, भाला खाली सर्पाच्या जबड्यात गेलेला असतो, पण स्वाराचे तोंड पुष्कळदा सर्पाकडे नसून आपल्याकडे वळलेले असते. भोसकताना तो भोसकतो कुठे ते पाहत नाही. कथा सांगतानाही चित्रकाराने प्रार्थनेची वाट मोकळी ठेवली आहे.

जाता जाता सांगतो, की सर्प मारण्याची कथा मुळात थिओडोरची आहे. जॉर्जकडे ती नंतर आली, आणि राजकन्येची हकीकत तर त्याहून नंतर लोकप्रिय झाली. शेजारच्या जॉर्जिया देशातल्या जुन्या ठोकीव चांदीच्या प्रतिमांवर जॉर्ज घोड्यावरून ज्याला भोसकतो तो सर्प नसून माणूस असतो, छळ करणारा सम्राट डायोक्लेशियन. तेव्हा घोडा आणि भाला एवढ्यावरून ‘जॉर्ज’ म्हणणे हे आपल्या डोळ्यांना पडलेले नंतरचे वळण आहे.

निळीशाई

चर्चा वाचून फार समाधान वाटले. मात्र लिपिकार, पूर्वी आपण एकदा लिहिले होते, की घोड्याने सगळी जागा व्यापली तर नावाच्या उभ्या अक्षरांना जागा उरत नाही, म्हणून कोरणारे घोडा टाळत. ते मला पटत नाही, आणि ते नाण्यांवरून दाखवता येते.

अँटिओकचा लॅटिन, म्हणजे पश्चिम युरोपीय, अधिपती रॉजर ऑफ सॅलर्नो १११२ ते १११९ या काळात सत्तेवर होता. त्याच्या तांब्याच्या नाण्यांच्या एका प्रकारावर एका बाजूला संत जॉर्ज घोड्यावरून सर्प मारतो आहे, आणि दुसऱ्या बाजूला ओळींमध्ये ग्रीक अक्षरांत रॉजरचे नाव व पदवी आहे. हे नाणे पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा मला ते नाणे वाटलेच नाही. एका अंगाला संत, दुसऱ्या अंगाला ओळींतले नाव, ही थेट बायझंटाईन मुद्रेची मांडणी आहे. नॉर्मन सरदाराने ग्रीक मुद्रेचा साचा उचलला आणि त्यात घोडा बसवला. जागा पुरली.

दुसरे उदाहरण ट्रेबिझोंडचे. काळ्या समुद्राकाठचे हे राज्य १२०४ मध्ये वेगळे झाले आणि १४६१ पर्यंत टिकले. तिथल्या आस्पर नावाच्या चांदीच्या नाण्यावर आरंभी एका बाजूला सम्राट उभा आणि दुसऱ्या बाजूला नगराचा पाठीराखा संत एव्हगेनिओस उभा असे. दुसरा आलेक्सिओस १२९७ मध्ये गादीवर आला आणि त्याच्या राज्यात दोघेही घोड्यावर बसले. नाणे साधारण दोन सेंटिमीटरचे, तरी त्यात घोडा, स्वार, प्रभावळ आणि अक्षरे सगळे आहे. विशेष म्हणजे एव्हगेनिओस हा शिपाई नव्हताच. मिथ्र देवाची मूर्ती पाडल्याबद्दल डायोक्लेशियनच्या काळात मारला गेलेला तो स्थानिक हुतात्मा. त्याला घोडा मिळाला तो लढवय्या होता म्हणून नव्हे, तर सम्राटाला घोड्यावर दाखवायचे ठरले आणि संताला त्याच्या बरोबरीने चालवायचे होते म्हणून, असे मला वाटते.

त्यावरून एक वेगळी दिशा सुचते. घोडा हे राजाचे चिन्ह होते. कॉन्स्टँटिनोपलच्या मुख्य चौकात उंच खांबावर सम्राट जस्टिनियनचा काशाचा अश्वारूढ पुतळा शतकानुशतके उभा होता. त्याच्याच ३६ सॉलिडस (त्या काळचे सोन्याचे नाणे) वजनाच्या सोन्याच्या पदकावर तो घोड्यावर आहे आणि विजयदेवता पुढे चालते आहे. मूळ पदक १८३१ मध्ये पॅरिसच्या संग्रहातून चोरीला गेले आणि आज त्याची प्रतिकृती तेवढी उरली आहे. प्रांतातल्या अधिकाऱ्याने आपल्या मुद्रेवर स्वार कोरणे म्हणजे नकळत राजचिन्हाच्या जवळ जाणे, असे तर वाटत नसेल?

लिपिकार

निळीशाई, जागेचा मुद्दा मी मागे घेतो. रॉजरच्या नाण्याने तो पुरता निकालात निघतो, आणि हे नाणे मी मुद्रेच्या नजरेने कधी पाहिलेच नव्हते.

राजचिन्हाचा तर्क मात्र मला अर्धाच पटतो. सम्राटाचा घोडा हे विजयप्रवेशाचे चिन्ह आहे, तर संताचा घोडा दुसऱ्याच घराण्यातून आला आहे, आणि ते घराणे फार जुने आहे. पाचव्या ते सातव्या शतकांतली, सीरिया आणि पॅलेस्टाईनकडे गळ्यात घालण्याची काशाची ताईतासारखी पदके मोठ्या संख्येने सापडतात. त्यांच्यावर प्रभावळ असलेला एक स्वार जमिनीवर पडलेल्या स्त्रीरूपी बाधेला भाल्याने टोचतो आहे. भोवती लिहिलेले असते, ‘वाईटावर जय मिळवणारा देव एकच’. आणि पुष्कळ ताईतांवर या स्वाराचे नाव असते सॉलोमन, म्हणजे बायबलमधला राजा, तर मजकूर असतो ‘सॉलोमनची मुद्रा’. ग्रीकमधला ‘स्फ्रागिस’ हा शब्द पत्रावरच्या मुद्रेलाही चालतो आणि बाधेपासून बंदिस्त करणाऱ्या खुणेलाही. बाळंतीण आणि तान्हे मूल यांच्या रक्षणासाठी बाया हे ताईत घालत, आणि इजिप्तमध्ये बाविट येथील मठाच्या भिंतीवर संत सिसिनिओस अशाच बाधेला घोड्यावरून भोसकताना रंगवलेला होता. दारे बंद करणारा, आत काही शिरू न देणारा हा स्वार आहे. पत्र बंद करणाऱ्या शिशावर तो शोभून दिसला असता असे आपल्याला आज वाटते. पण मधल्या काळात मुद्रा ही अधिकाऱ्याच्या कचेरीची वस्तू झाली आणि ताईत घरातच राहिला.

माझ्या मते मुद्रेवर घोडा विरळ असण्यामागे ही पांगापांग आहे. घोडा घरात, घोडा भिंतीवर, घोडा चमत्काराच्या गोष्टीत. आणि कचेरीच्या मुद्रेवर समोर पाहणारा, उभा संरक्षक.

कोचीनिवासी

मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीनिमित्त बारा वर्षे कोचीत आहे. इथल्या सीरियन ख्रिस्ती लोकांत संत जॉर्जला गीवर्गीस म्हणतात. एडप्पल्ली आणि पुथुप्पल्ली येथील त्याची चर्च प्रसिद्ध आहेत. मिरवणुकीच्या मूर्तीत तो घोड्यावर आणि खाली सर्प असतो. लिपिकार यांनी तोंडाच्या दिशेबद्दल लिहिलेले वाचून काल मुद्दाम घराजवळच्या चर्चमध्ये जाऊन पाहिले. आमच्याकडच्या मूर्तीचे तोंड भक्तांकडे आहे, भाल्याच्या टोकाकडे नाही. इतकी वर्षे समोरून गेलो, पण लक्ष गेले नव्हते.

आषाढमेघ

आता पश्चिमेकडे पाहिले तर फरक आणखी ठळक होतो. इंग्लंडचा विजेता विल्यम याच्या मुद्रेवर एका बाजूला तो सिंहासनावर आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर आहे. पुढे पश्चिम युरोपात प्रत्येक मोठ्या सरदाराने स्वतःला मेणाच्या मुद्रेवर घोड्यावर बसवले. तिथे घोडा भरपूर, पण तो मालकाचा. बायझंटाईन अधिकारी मुद्रेवर स्वतः येतच नाही. तो मागच्या बाजूला ओळींत ‘सेवक’ म्हणून उभा असतो आणि दर्शनी जागा संताला देतो. सम्राट सोडला, तर माणसाने स्वतःचे रूप तिथे कोरायची रीतच नव्हती.

या दोन्ही रीती रूस प्रदेशात (आजचे रशिया व युक्रेन) एकमेकींत मिसळलेल्या दिसतात, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. किव्ह आणि नोव्हगोरोदच्या राजपुत्रांनी शिशाच्या मुद्रेची पद्धत बायझंटाईनांकडून घेतली. एका बाजूला आपल्या बाप्तिस्म्याच्या नावाचा संत, दुसऱ्या बाजूला वडिलांच्या नावाचा. अलेक्झांडर नेव्हस्की १२६३ मध्ये वारला. त्याच्या मुद्रांवर एका बाजूला घोडेस्वार आहे आणि दुसऱ्या बाजूला, वडिलांच्या बाप्तिस्म्याच्या नावाचा, संत थिओडोर. थिओडोर घोड्यावरून उतरला आहे, एका हाताने लगाम धरून दुसऱ्या हाताने सर्पाला भोसकतो आहे. स्वार कोण, संत की राजपुत्र, हा निवाडा तिथे फार नाजूक होतो. पुढे १४९७ च्या तिसऱ्या इव्हानच्या मुद्रेवर सर्प मारणारा स्वार आणि दुसऱ्या बाजूला दुतोंडी गरुड आला. त्या स्वाराला लोक बराच काळ राजाच समजत. जॉर्ज हे नाव त्याला पक्के चिकटले ते नंतर. रशियन ‘कोपेक’ हे नाणे ज्यावरून ओळखले गेले तो भालाही, म्हणजे ‘कोप्यो’, असाच स्वाराच्या हातातला.

लिपिकार

आषाढमेघ यांचे हे टिपण या धाग्यातील सर्वांत उपयोगी भाग आहे असे मी मानतो, कारण दगडफूल यांच्या चकतीचा पेच नेमका तिथेच आहे. शिसे आहे म्हणून ती बायझंटाईनच असे नाही. रशियन राजपुत्र, बल्गेरियाचे राजे, पूर्वेकडचे लॅटिन सरदार, सगळ्यांनी शिसे वापरले. मागच्या बाजूच्या ओळी ग्रीक, स्लाव की लॅटिन, हे आधी ठरले पाहिजे.

दगडफूल

आडव्या उजेडात चौदा छायाचित्रे घेतली आणि काल रात्री भिंग लावून पाहत बसलो. तिसऱ्या ओळीत मला शेजारी शेजारी दोन अक्षरे स्पष्ट दिसली, ‘पी’ आणि ‘रो’, आणि त्यानंतर उभी रेघ. ती ग्रीक असावीत असे वाटते. पुढच्या बाजूला स्वाराच्या डावीकडे एक छोटे वर्तुळ आहे आणि त्याच्या आत आडवी रेघ. मी लगेच ग्रीक वर्णमाला उघडली. हे ‘थीटा’ हे अक्षर आहे आणि ‘थिओडोर’ हे नाव त्यानेच सुरू होते. म्हणजे हा जॉर्ज नसून थिओडोर असावा का? सर्प असल्याची खूण कुठेच मिळाली नाही. उजवीकडची पट्टी मात्र पूर्ण सपाट आहे.

लिपिकार

आपला आनंद मला समजतो, कारण असे अक्षर सापडण्याचा क्षण मी स्वतः अनुभवला आहे. तरीही इथे थांबायला हवे. ‘आगिओस’ या शब्दासाठी मुद्रांवर जी खूण वापरतात, ती म्हणजे वर्तुळात कोरलेले ‘आल्फा’. झिजलेल्या आल्फाच्या तिरप्या बाजू पुसल्या जातात आणि मधली आडवी रेघ राहते. मग ते वर्तुळातले आल्फा हुबेहूब थीटासारखे दिसते. शिवाय आपले वर्तुळ डावीकडे आहे, जिथे नाव नव्हे तर ‘संत’ ही खूण येते. मला ते नावाचे पहिले अक्षर नसून ‘आगिओस’च वाटते. त्यावरून इतके मात्र हाती लागले, की हा स्वार राजा नसून संत आहे. ही छोटी गोष्ट नाही.

मागच्या ओळीतील दोन अक्षरे ग्रीक म्हणून वाचली तर ती ‘प्रो’ने सुरू होणाऱ्या एखाद्या पदवीचा भाग असू शकतात, जसे प्रोतोस्पाथारिओस किंवा प्रोएद्रोस, पण स्लाव लिपीतही ही दोन अक्षरे हुबेहूब अशीच असतात. तिसऱ्या ओळीतच पदवी यावी हे मांडणीला धरून आहे, तरी एवढ्यावर शतक ठरवू नये. या मुद्रांवर सहसा वर्ष नसते. काळ ठरतो तो अक्षरांच्या वळणावरून आणि पदवीवरून, आणि त्यासाठी किमान एक ओळ पूर्ण वाचता आली पाहिजे.

निळीशाई

हरणाची शक्यता पाहिली का? स्वारासमोर शिंगांचा काही भाग असेल तर तो शिकारीत देवदर्शन झालेला एव्हस्ताथिओस ठरेल. घोड्याशिवाय ज्याची गोष्टच सांगता येत नाही असा हा एक संत आहे.

दगडफूल

पुन्हा पाहिले. स्वारासमोर माळेपर्यंत मोकळी जागा आहे, हरीण नाही.

लिपिकार

मग एव्हस्ताथिओस वगळता येईल. जॉर्ज, दोघे थिओडोर, दिमित्रिओस आणि मर्कुरिओस एवढे उरतात.

दोन गोष्टी तातडीने करा. चकती सध्या लाकडी पेटीत असेल तर बाहेर काढा. लाकूड आणि साधा पुठ्ठा यांतून आंबूस वाफ सुटते, तिने शिशावर पांढरी भुकटी चढते आणि अक्षरे आतून पोखरली जातात. प्लास्टिकची स्वच्छ, कोरडी डबी चालेल. घासून, धुऊन साफ करण्याच्या फंदात अजिबात पडू नका. दुसरे म्हणजे, मावसभावाला सांगून विक्रेत्याकडे ही वस्तू कुठून व कोणत्या संग्रहातून आली त्याचे कागद मागा. जमिनीतून चोरून काढलेल्या मुद्रेचे सापडण्याचे ठिकाण कायमचे हरवते, आणि एखाद्या अधिकाऱ्याचे पत्र कुठवर पोहोचले होते हे सांगणारा एकमेव पुरावा त्याबरोबर जातो. कागद नीट नसतील तर पुढे काय करायचे ते इथेच मिळून ठरवू.

दगडफूल

पेटी लाकडीच होती. चकती आत्ता डबीत हलवली. विक्रेत्याला आज पत्र लिहायला सांगितले आहे. जुनी चिठ्ठी फेकून न देता डबीच्या तळाशी ठेवली आहे आणि वर नवी लावली आहे : ‘शिशाची मुद्रा, २३ मिलिमीटर. पुढे अश्वारूढ संत, नाव झिजलेले. मागे चार ओळी, बहुधा ग्रीक, तिसरीत पी, रो.’ उजवीकडची पट्टी उद्या सकाळच्या उन्हात पुन्हा एकदा पाहीन.